इंजिन बंद ठेवावे

माझी वहिनी आणि मी एकाच स्कूलबसवर कामाला होतो. पुढे मी चाक सांभाळायचो, मागे ती मुलं सांभाळायची. घरात ती मोठ्या भावाची बायको, म्हणजे मान तिचा. बसमध्ये ड्रायव्हर मी, म्हणजे हुकूम माझा. निदान मी तसं समजून चाललो होतो.

मुलं तिला 'मागची मावशी' म्हणायची, कारण ती शेवटच्या बाकावर, मागच्या दाराला टेकून बसायची. त्या दाराचं रबर कधीच गळून पडलेलं. फटीत तिनं जुनी फडकी कोंबली होती, तरी धूर आत यायचाच, कारण धुराड्याचं तोंड बरोबर त्याच्या खाली होतं. संध्याकाळी घरी आल्यावर ती नळाखाली फडकी धुवायची आणि मोरीतून काळं पाणी वाहायचं. माझी बायको म्हणायची, "वहिनी, तुम्ही बसवर जाता की कोळशाच्या खाणीत?"

मालकाच्या अशा नऊ बस होत्या. दुपारी शाळा सुटायच्या आधीच आम्ही फाटकाबाहेर भिंतीला लागून रांग लावायचो. लहान वर्ग आधी सुटायचे, मोठे नंतर. तोवर लहानगी बसमध्ये बसून राहायची आणि नऊच्या नऊ इंजिनं धडधडत असायची. पुढच्या गाडीचा धूर मागचीत, मागचीचा तिच्या मागचीत. खिडक्या उघडल्या तरी पंचाईत, लावल्या तरी पंचाईत.

इंजिन बंद का करत नाही, असं कुणीही विचारेल. कारण साधं होतं. बॅटऱ्या मेलेल्या होत्या आणि स्टार्टर त्यांच्यापेक्षा जास्त मेलेले होते. सकाळी डेपोत मिस्त्री ढकलगाडीवर एक दणकट बॅटरी घेऊन फिरायचा आणि वायरी लावून एकेक गाडी जागी करायचा. जागी झालेली गाडी परत डेपोत येईपर्यंत झोपू द्यायची नाही, हा मालकाचा नियम. वाटेत बंद पडली तर दोष ड्रायव्हरचा.

आणि गंमत म्हणजे फाटकाशेजारी शाळेनं पाटी लावली होती : 'वाहन उभे असताना इंजिन बंद ठेवावे.' धुरानं ती इतकी काजळली होती की शेवटचं 'ठेवावे' तेवढं वाचता यायचं. माझ्या मागच्या बसवर फौजी होता. सैन्यातून निवृत्त झालेला, आमच्यात सगळ्यांत वयस्कर. तो म्हणायचा, "काय ठेवावे ते लिहिलेलंच नाही. मग आपण पाय ठेवावे," आणि दोन्ही पाय समोर काचेखाली टाकून डुलकी काढायचा.

वहिनी खोकायची, कुरकुरायची, पण तीही ते चालवून घेत होती. मग ती मुलगी आली.

पहिलीतली होती. समोरचे दोन दात पडलेले, म्हणून वहिनीनं तिचं नाव 'बोळकी' ठेवलं होतं. शेवटच्या बाकावर वहिनीशेजारी तिची जागा. एक दिवस ती गाल फुगवून गप्प बसलेली. वहिनीला वाटलं, तोंडात गोळी आहे.

"काय गं, तोंडात काय लपवलंयस? दाखव बघू."

मुलीनं मान हलवली. थोड्या वेळानं फुस्सकन हवा सोडली आणि म्हणाली, "काही नाही. मी श्वास धरला होता."

"का?"

"इथे मी थोडासाच घेते. बाकीचा घरी गेल्यावर."

मी आरशातून बघत होतो. मला हसू आलं, मी हसलोसुद्धा. वहिनी हसली नाही. तिनं मुलीकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि मी घाईघाईनं समोर बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती घरून पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन आली. आम्ही रांगेत उभे राहिल्यावर खाली उतरली आणि पाटी पुसायला लागली. फौजीनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो बाई, नवीन नोकरी का?"

"जुनीच आहे. तुम्हाला वाचायला जमत नव्हतं ना, म्हणून सोय करून देतेय."

पाटी स्वच्छ झाली. अक्षरं लाल होती हे आम्हाला तेव्हा कळलं. ड्रायव्हर लोक हसले, आणि इंजिनं धडधडत राहिली. वहिनी माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"भाऊजी, बंद करा."

"वहिनी, तुम्हाला माहीत आहे. बंद केली की ही परत उठत नाही."

"मग बॅटरी मागा."

"मागितली होती."

"कधी?"

खरं म्हणजे मी मिस्त्रीकडे मागितली होती, मिस्त्रीनं 'वरून आली तर देईन' म्हणत डेपोच्या छपराकडे बोट दाखवलं होतं आणि विषय तिथेच संपला होता.

रात्री जेवताना तिनं दादापुढे विषय काढला. दादा छापखान्यात काम करतो. दिवसभर यंत्राच्या आवाजात राहून घरी त्याला शब्द जड जातात. तो म्हणाला, "मालकाशी बोल. पण नीट बोल."

"मी वाकडं कधी बोलते?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. माझी बायको पाणी आणायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसत राहिली.

मालकाचं ऑफिस डेपोच्या कोपऱ्यात होतं. काचेचा दरवाजा, आत थंड हवा, बाहेरचा आवाज आत येत नाही अशी सोय. मालक तसा हसतमुख माणूस. त्यानं वहिनीला खुर्ची दिली, मला नाही. तिनं सगळं सांगितलं : मुलं, धूर, बॅटऱ्या. तो मान डोलावत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अहो बाई, उभ्या गाडीत डिझेल जळतंय ते माझं जळतंय. मी तक्रार करत नाही. तुमचं काय जळतंय?"

"छाती," वहिनी म्हणाली. "डिझेल तुमचं, छाती आमची. आणि त्या लेकरांची."

मालकाचं हसू जरा आखडलं. "मागे त्रास होत असेल तर पुढे बसा."

"आणि मुलं?"

"मुलं काय, पाच-दहा वर्षांत मोठी होतात."

बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हटलं, "ऐकलं."

पुढच्या दुपारी आमचा नंबर रांगेत मधोमध लागला. लहान वर्ग सुटले, मुलं चढली. बोळकी नाकावर स्वेटरची बाही धरून बसली. वहिनी मागून पुढे आली, माझ्या बाजूनं हात घातला आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली. मला काही सुचायच्या आत बस दोन हिसके देऊन शांत झाली.

त्या शांततेत मला पहिल्यांदा मुलांचे आवाज ऐकू आले. एकजण पाढे म्हणत होता, एकीचं दुसरीशी खोडरबरावरून भांडण चाललं होतं. इतकी वर्षं ही सगळी माझ्या पाठीमागे बोलत होती आणि मला काही पत्ता नव्हता.

मोठे वर्ग सुटले. मी चावी फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. बाकीच्या बस आम्हाला वळसा घालून निघून गेल्या. फौजी आणि दोघेतिघे आपापली मुलं सोडून परत आले, सगळ्यांनी मिळून ढकलून पाहिली, गाडी ढिम्म. मिस्त्री ढकलगाडी घेऊन येईपर्यंत अंधारायला लागलं होतं. वहिनीनं मुलांना गोष्टी सांगितल्या, गाणी म्हणून घेतली. मुलं मजेत होती. थांब्यांवर वाट बघणारे आईबाप मात्र मजेत नव्हते.

मालक डेपोत उभाच होता. या वेळी हसत नव्हता.

"दांडी कुणी ओढली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"उद्यापासून येऊ नका." मग माझ्याकडे वळून : "तू ये."

मी मान डोलावली. घरी जाताना रस्ताभर तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही, उलट म्हणाली, "बरं केलंत गप्प राहिलात. घरात एक तरी पगार यायला हवा." याच्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला झोप लागली असती.

सकाळी मी एकटाच गाडी घेऊन निघालो. मालकानं बदली अटेंडंट पाठवलीच नाही. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न : "मागची मावशी कुठे?" मी म्हणायचो, रजेवर. बोळकी चढली, मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही तिला रागावलात का?"

"मी? मी कोण रागावणार?"

"मग आणा ना तिला."

दुपारी फाटकाशी पोचलो तर वहिनी पाटीजवळ उभी. घरचीच बाटली, घरचंच फडकं, पाटी पुन्हा लख्ख.

मी खाली उतरलो. "वहिनी, इथे काय करताय? मालकाला कळलं तर?"

"तर काय, काढून टाकेल? ते झालं की काल. आता मी कुणाची नोकर नाही, भाऊजी. आणि रस्ता काही मालकाच्या नावावर नाही."

ती एकेका बसच्या खिडकीवर टकटक करत निघाली. प्रत्येकाला एकच वाक्य : "पाटी वाचा." कुणी हसलं, कुणी खिडकी लावून घेतली. फौजी म्हणाला, "बाई, मी रणगाड्यांचा धूर खाल्लाय."

"मग पोट भरलं असेल. आता बंद करा."

मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. समोरच्या बसचा धूर काचेवर येऊन पसरत होता. मागे मुलं चढत होती, आणि त्यांना 'सावकाश, ढकलाढकली नको' म्हणणारं कुणी नव्हतं. मला मालकाचा चेहरा आठवला, माझ्या पोरांची फी आठवली, दादाचं 'नीट बोल' आठवलं. आणि माझ्यासमोर ती बाई नोकरी गेल्यावरही नोकरीवर आली होती. मी दांडी ओढली.

मग उतरून फौजीच्या खिडकीशी गेलो.

"काय झालं? पडली बंद?"

"पडली नाही. पाडली. पाटी वाचली मी."

फौजीनं पाय खाली घेतले, ताठ बसला. "मला काय अक्षरओळख नाही असं वाटलं का तुला?" असं म्हणत त्यानं दांडी ओढली.

तिथून पुढे मला काही करावं लागलं नाही. फौजीनंच डोकं बाहेर काढून मागच्याला आवाज दिला, मागच्यानं त्याच्या मागच्याला. पुढच्या चौघांनी आरशात बघितलं, वळून बघितलं, आणि एकापाठोपाठ एक त्यांनीही इंजिनं बंद केली. सगळ्यांत पुढचा जो होता, मालकाच्या मर्जीतला, तो शेवटपर्यंत अडून बसला. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर त्यानं चुपचाप दांडी ओढली आणि रुमालानं मान पुसली.

मोठे वर्ग सुटले, मुलं बसली, आणि एकही बस हलली नाही. मुलांना न्यायला आलेले काही आईबाप फाटकाशी होतेच. बघता बघता गर्दी झाली. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या बाहेर आल्या. कुणीतरी फोन केला आणि मालक गाडी उडवत आला. गाडी फाटकासमोर आडवी लावून, इंजिन तसंच चालू ठेवून तो तरातरा आमच्याकडे यायला लागला.

"मालक," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुमचीपण."

"काय?"

तिनं पाटीकडे बोट दाखवलं. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. मालक परत गेला, गाडीत वाकला आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी तो हरला तो तिथेच, पुढचं सगळं नंतरचं, असं मला वाटतं.

तो मोठ्या बाईंना म्हणाला, "बघितलंत? संप केलाय यांनी. मुलांना वेठीला धरलंय."

"संप नाही," फौजी म्हणाला. "शाळेची पाटी पाळली. आता सगळी मुलं बसली आहेत, निघतो."

"मग निघा ना! चालू करा!"

"करतो की."

फौजीनं चावी फिरवली. टिक. मी फिरवली. टिक. माझ्या पुढच्यानं, त्याच्या पुढच्यानं. रांगभर नुसती टिकटिक. नऊपैकी दोनच गाड्या खोकत उठल्या, आणि उठताना त्यांनी जो काळा लोट सोडला तो गर्दीवरून सरळ मोठ्या बाईंच्या अंगावर गेला. त्या खोकत मागे सरल्या.

एक बाप पुढे आला. त्याची मुलगी माझ्याच बसमध्ये होती. तो मालकाला म्हणाला, "इंजिनाची ही गत, तर ब्रेकची काय असेल?"

त्यानंतर मालक काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. सगळे एकदम बोलत होते. मोठ्या बाई डोळे पुसत वहिनीजवळ आल्या. "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"पाटी तुमचीच ना, बाई?" वहिनी म्हणाली. "अक्षर छान आहे. फक्त ती कुणी वाचतंय का, हे बघायला तुम्ही कधी बाहेर आला नाहीत."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. पण एवढं खरं की त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं : तपासणी झाल्याशिवाय यातली एकही बस माझ्या फाटकाशी उभी राहणार नाही. मुलं त्या दिवशी मिळेल त्या वाहनानं, कुणाच्या तरी मागे बसून, काही चालत घरी गेली. बोळकी वहिनीचा हात धरून आमच्या घरापर्यंत आली आणि तिची आई येईपर्यंत आमच्या पायरीवर बसून माझ्या बायकोला शाळेतल्या सगळ्या बातम्या पुरवत राहिली.

तपासणीत तीन गाड्या भंगारात निघाल्या, त्यात एक माझी. बाकीच्यांना नव्या बॅटऱ्या, नवे स्टार्टर, दारांना रबर, आणि धुराड्यांना धूर गाळणारी जाळी बसली. भंगारातल्या गाड्यांच्या जागी पुढच्या सत्रात दोन विजेच्या बस आणायच्या आणि तिसऱ्या गाडीची मुलं इतरांत वाटून घ्यायची, असं शाळेनं मालकाकडून लेखी घेतलं. मालकानं सगळं मान्य केलं. एक सोडून.

"सगळ्यांना ठेवतो," तो म्हणाला. "ती बाई नको."

गाड्या तयार झाल्या त्या सकाळी आम्ही डेपोत जमलो. माझ्या भंगारात गेलेल्या गाडीऐवजी मला तोवर दुसरी मिळाली होती. नव्या बॅटऱ्या, पहिल्याच चावीला इंजिन उठेल अशा. पण कुणी गाडीत चढलं नाही. फौजी स्वतःच्या बसच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून संपतच नव्हती.

मालक काचेच्या दरवाजातून बाहेर आला. "आता काय?"

"एका गाडीवर अटेंडंट नाही," फौजी म्हणाला. "अटेंडंट नसताना मुलं न्यायची नाहीत असा नियम आहे. आम्हाला आता नियम पाळायची सवय लागलीय."

"एका गाडीवर नाही ना? मग बाकीच्या काढा!"

"आम्ही रांगेनं जातो, मालक. मधली गाडी नसली की रांग तुटते."

मी म्हणालो, "मी जाऊन घेऊन येतो वहिनीला. घर जवळच आहे." मालकाकडे न बघता चालायला लागलो. पाठीमागून हाक येईल असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. आली नाही. वहिनी घरी तयारच बसली होती, डबा भरून.

"उशीर केलात," ती म्हणाली.

सगळं गोड झालं असं नाही. सत्र संपल्यावर मालकानं फौजीला वयाचं कारण सांगून घरी पाठवलं. त्याच्या शेवटच्या दिवशी डेपोत आम्ही इंजिनं बंद ठेवूनच सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजवले. बॅटऱ्या तेवढ्या दमदार होत्या. मालकानं आतून पडदा ओढून घेतला. फौजीनं भर डेपोत कडक सलाम ठोकला, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक सगळ्यांनाच, आणि मग म्हातारा तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

विजेच्या दोन बस आल्या. पांढऱ्या, चकचकीत, चालताना आवाज नाही. मुलं काचेला नाकं लावून बघत होती. वाटणीच्या दिवशी मालकानं त्या दोन्ही बस दुसऱ्यांना दिल्या. मला आणि वहिनीला मिळाली उरलेल्या डिझेलच्या गाड्यांतली सगळ्यांत जुनी, चढावर अजून काळं ओकणारी, आणि मार्ग सगळ्यांत लांबचा. तो हे मुद्दाम करतोय हे सगळ्यांना कळलं, आणि कळावं हीच त्याची इच्छा होती.

मी फार चिडलो. चावी हातात घेऊन वहिनीला म्हटलं, "एवढं सगळं तुम्ही केलंत, आणि नव्या गाड्या भलत्यालाच. चला, आत जाऊन विचारू त्याला."

वहिनी मागच्या दाराचं नवं रबर अंगठ्यानं दाबून बघत होती. मग तिनं खाली वाकून धुराड्यात डोकावलं.

"विचारू की. पण ते नंतर," ती म्हणाली. "आधी या म्हातारीचं काय करायचं ते ठरवू. नव्या गाडीत भांडायला उरलं काय असतं, भाऊजी?"